पडशानंतर कानाला बसणारे दडे

पडसे ओसरू लागते, नाकाचे पाणी थांबते, अंगातली कणकण जाते, माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो आणि नेमक्या त्याच सुमारास एक नवीच तक्रार उद्भवते: एका किंवा दोन्ही कानांना दडे बसतात. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे दुरून आल्याचा भास होतो, स्वतःचा आवाज मात्र डोक्याच्या आतच घुमत राहतो, घास चावताना जबड्याची करकर मोठी होऊन ऐकू येते, आणि आवंढा गिळला की कानात काहीतरी टक्‌कन वाजून क्षणभर मोकळे वाटते न वाटते तोच पुन्हा सारे पूर्ववत् होते. ज्वर नाही, तीव्र वेदना नाही, बाहेरून दिसण्याजोगी एकही खूण नाही. त्यामुळे घरातल्या इतरांना या दुखण्याचे गांभीर्य पटत नाही, आणि ज्याला ते झालेले असते त्याला तर घटकाभर चैन पडत नाही. ज्याची उपजीविकाच ऐकण्याबोलण्यावर अवलंबून आहे, अशा शिक्षकाची, गायकाची, वकिलाची किंवा कचेरीच्या खिडकीपाशी दिवसभर लोकांचे अर्ज स्वीकारणाऱ्या कारकुनाची या काळात जी कुचंबणा होते ती सहानुभूतीने पाहण्यासारखी असते.

अशा वेळी आपल्या घरांतून जो इलाज चालत आलेला आहे तो बहुतेक सर्वांच्या परिचयाचा आहे. लसणीच्या पाकळ्या घालून कडकडवलेले तेल कोमट होताच कानात सोडावयाचे, वर कापसाचा बोळा बसवावयाचा, आणि तेवढ्याने गुण न आला तर कानकोरणे, काडेपेटीची काडी, केसांचा आकडा, जे हाताशी सापडेल ते घेऊन कानाच्या आत शोध सुरू करावयाचा. डोक्याला लाल मुंडासे बांधून बाजारातून हिंडणाऱ्या कानसफाई करणाऱ्यांचा व्यवसायही याच समजुतीवर पोसला गेला, की कान ऐकेनासा झाला म्हणजे कानाच्या भोकात काहीतरी अडकले असले पाहिजे. कधीकधी तसे असतेही. कानातला मळ स्नानाच्या पाण्याने फुगून मार्ग अडवून बसतो, आणि वैद्याने तो काढला की तत्क्षणी ऐकू येऊ लागते. परंतु पडशानंतर बसणाऱ्या दड्यांचा मामला सर्वस्वी वेगळा आहे. येथील अडथळा कानाच्या भोकात नसून पडद्याच्या पलीकडे असतो, आणि पडदा अखंड असेल तर बाहेरून सोडलेल्या तेलाचा एक थेंबही त्या पलीकडच्या जागेत पोहोचत नाही. पडद्यास आधीच छिद्र असेल तर तो थेंब पोहोचतो खरा, पण तेव्हा तो उपकार न करता अपकारच करतो. शिवाय आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत तेलाने ओलसर राहिलेल्या कानात बुरशी धरते आणि मूळच्या दड्यांत खाजेची व ठणक्याची भर पडते. काडीने किंवा आकड्याने पडदा फाटल्याची उदाहरणे तर प्रत्येक कानतज्ज्ञाच्या अनुभवात असतात. प्रेमाने, काळजीपोटी केलेल्या या उपचारांनी माणसांचे कान बिघडावेत याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच या विकाराचे ठिकाण कोणते आणि त्याकडे जाणारी वाट कोणती हे थोडे सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते.

कानाच्या भोकातून आत गेलेला मार्ग साधारण अडीच सेंटिमीटरांवर एका पातळ पडद्यापाशी संपतो. या कर्णपटलाचा व्यास नऊ-दहा मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी असते. त्याच्या मागे एक-दोन घनसेंटिमीटरांहून मोठी नसलेली, हवेने भरलेली एक पोकळी आहे, हाच मध्यकर्ण. या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब या नावांची तीन अस्थिशकले एकमेकांस सांधलेली असून त्यांतील रिकीब हे मानवी शरीरातील सर्वांत लहान हाड होय. पडद्यावर आदळलेली ध्वनीची कंपने ही त्रयी अंतःकर्णातील द्रवाकडे पोहोचवते. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे 17 पट असल्यामुळे आणि हाडांच्या तरफेचा थोडा लाभ मिळत असल्यामुळे त्या कंपनांचा दाब वाटेत सुमारे 22 पट वाढतो. मात्र ही सारी रचना यथास्थित चालण्यास एक अट आहे: पडद्याच्या दोन्ही बाजूंस हवेचा दाब सारखा असला पाहिजे. बाहेरच्या बाजूस तर सारे वातावरणच आहे. आतल्या बाजूस, चहूकडून हाडांनी वेढलेल्या त्या चिमुकल्या पोकळीत हवा येणार कोठून?

ती येते नाकाच्या मागून. मध्यकर्णापासून निघून खाली, पुढे व आत जाणारी, प्रौढ माणसात सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नळी नाकाच्या मागील बाजूस, टाळूच्या वर, घशाच्या सर्वांत वरच्या भागात उघडते. तिला कर्णकंठनलिका म्हणतात. तिचा कानाकडील एक तृतीयांश भाग अस्थिमय आणि उरलेला कूर्चेचा असून हा कूर्चेचा भाग एरवी मिटलेला असतो. आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तिची भिंत ओढून धरतो, क्षणाच्या काही अंशापुरती ती उघडते आणि तेवढ्यात हवेची देवघेव उरकली जाते. ती सदैव उघडी का नसावी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. तशी ती असती तर आपला प्रत्येक श्वास आणि प्रत्येक शब्द आपल्याच कानात गर्जत राहिला असता आणि घशातील स्रावांना मध्यकर्णात जाण्यास मुळीच मज्जाव उरला नसता.

कान आणि घसा यांच्यामधल्या या वाटेची कुणकुण मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. शेळ्या कानांनी श्वास घेतात असे ग्रीक विचारवंत अल्कमेऑन म्हणत असे, आणि अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याचे खंडन केले. पण कानातून तोंडाच्या छपराकडे जाणारा एक मार्ग आहे हे अ‍ॅरिस्टॉटलनेही नमूद करून ठेवले. या नळीचे नीट वर्णन मात्र रोममधील शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याने 1562 साली श्रवणेंद्रियावर लिहिलेल्या निबंधात केले, आणि या मार्गाचे ज्ञान वैद्यांना उपयोगी पडेल, कानातील दूषित द्रव्य चघळण्याच्या औषधांच्या साहाय्याने या वाटेने उतरवता येईल, असेही त्याने सुचवले. कानाचे दुखणे घशाच्या बाजूने हाताळावे हा विचार, म्हणजे, साडेचारशे वर्षांहून जुना आहे, आणि तरीही आपण तेलाची वाटी घेऊन कानाच्या भोकाशीच बसलेले असतो.

पुढे 1704 साली बोलोन्याचा अंतोनिओ मारिया व्हाल्साल्व्हा याने मानवी कर्णावरील आपल्या ग्रंथात या नळीला युस्ताकीचे नाव दिले आणि नाक व तोंड बंद करून श्वास बाहेर लोटण्याची ती प्रसिद्ध क्रिया वर्णिली. पडदा फुटलेल्या कानातून पू बाहेर काढावा हा त्याचा हेतू होता; विमानात बसलेला आजचा प्रवासी नाक चिमटीत धरून जे करतो ते हेच. त्यानंतर वीस वर्षांनी, 1724 साली, व्हर्सायचा पोस्टमास्तर एद्म-जिल ग्युयो याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे तोंडातून आत घालून या नळीच्या मुखाशी नेण्याची एक वाकडी धातूची नलिका सादर केली. तो वैद्य नव्हता. स्वतःच्या बहिरेपणाने गांजलेला एक सरकारी कामगार होता, आणि त्याने तिचा प्रयोग स्वतःवरच केला होता. 1741 साली आर्चिबाल्ड क्लेलंड या ब्रिटिश लष्करी शस्त्रवैद्याने तोंडाऐवजी नाकाची वाट धरावी असे सुचवले आणि पुढील वैद्यांनी तीच वाट मान्य केली.

या परंपरेत जोसेफ टॉयन्बी या लंडनच्या कानतज्ज्ञाचे स्मरण विशेष आदराने केले पाहिजे. नळी एरवी मिटलेली असते आणि गिळण्याच्या क्रियेने उघडते हे त्याने प्रतिपादिले, आणि नाक दाबून आवंढा गिळण्याची जी क्रिया आज त्याच्या नावाने ओळखली जाते ती त्याचीच देणगी. कानात सतत गुंजारव होण्याच्या विकारावर उपाय शोधताना क्लोरोफॉर्मची वाफ हुंगून ती नळीवाटे मध्यकर्णात लोटण्याचा प्रयोग तो स्वतःवर करीत होता, आणि त्यातच 1866 साली वयाच्या पन्नाशीत त्याचा अंत झाला. संस्कृतींच्या उदयास्ताची मीमांसा करणारे इतिहासकार आर्नल्ड टॉयन्बी हे त्याचे नातू, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते. तिकडे व्हिएन्नात अ‍ॅडम पोलित्झर याने 1863 साली एक अतिशय सोपी युक्ती प्रसिद्ध केली: रबरी फुग्याचे टोक एका नाकपुडीत बसवावे, दुसरी नाकपुडी दाबावी, रोग्याने पाण्याचा घोट गिळावा आणि त्याच क्षणी फुगा दाबावा, म्हणजे गिळण्याने उघडलेल्या नळीतून हवा आपोआप कानात शिरते. सुई नाही, नलिका नाही, वेदना नाही. वैद्यकाच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी उपकारक कल्पना क्वचितच सापडेल.

आता पडशात काय घडते ते पाहू. नाकाच्या अंतर्भागाला जी श्लेष्मल त्वचा अस्तरासारखी असते तीच या नळीतून थेट मध्यकर्णापर्यंत गेलेली आहे. त्यामुळे नाक सुजते तेव्हा नळीचे तोंडही सुजते, आणि पावसाळ्यात फुगलेले दार जसे नेहमीच्या हाताने उघडत नाही तशी ती नळी टाळूच्या नेहमीच्या ओढीने उघडेनाशी होते. इकडे मध्यकर्णात कोंडलेली हवा तेथील रक्तवाहिन्या हळूहळू शोषून घेत राहतात. नवी हवा येत नाही, जुनी कमी होत जाते, आतला दाब घटतो आणि बाहेरचे वातावरण पडद्याला आत रेटते. ताणलेला पडदा मोकळेपणाने कंप पावत नाही, हेच दडे. ही अवस्था काही दिवस टिकली तर अस्तरातून पाण्यासारखा द्रव झिरपून पोकळीत साचतो आणि मग मान हलवताना कानात काही हलल्याचा भास होतो. पडसे गेले तरी सूज उतरण्यास, आणि सूज उतरल्यावरही तो द्रव निचरण्यास वेळ लागतो. बहुतेकांचे कान एक-दोन आठवड्यांत उघडतात; द्रव साचलेला असल्यास कित्येक आठवडेही लागतात. ही मुदत माहीत नसल्यामुळेच माणसे घाबरतात आणि घाबरल्यामुळे नसते उपद्व्याप करतात.

घरी करण्याजोगे जे आहे ते नाकाकडून आणि घशाकडून करावयाचे आहे. जितके गिळणे होईल तितके बरे; म्हणून गोळी चघळावी, वारंवार कोमट पाण्याचे घोट घ्यावेत, मुद्दाम मोठ्या जांभया द्याव्यात. झोपेत गिळणे फार कमी होते आणि आडवे पडल्याने नळीची सूजही वाढते, यामुळे पुष्कळांना सकाळी उठल्यावर कान अधिक जड वाटतात. उशाशी एक उशी जास्त घेतल्याने त्यात फरक पडतो. नाक शिंकरताना दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून जोर लावू नये, कारण त्याने शेंबूड नळीतून उलटा कानाकडे ढकलला जातो. एका वेळी एकच नाकपुडी, आणि तीही हलक्या हाताने शिंकरावी. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची जी क्रिया आपल्याकडे जलनेती म्हणून प्रसिद्ध आहे ती चिकट स्राव धुऊन काढण्यास चांगली. अर्ध्या लिटर पाण्यात सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर मीठ पुरते. पाणी मात्र उकळून निववलेलेच हवे. न उकळलेल्या पाण्यातून क्वचित् एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि हा संसर्ग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वाफाऱ्याने नाकाला आराम वाटतो यात शंका नाही, पण कान उघडण्याचे सामर्थ्य त्यात फारसे नाही, आणि आधणाचे पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना इतक्या होतात की लहान मुलांस वाफारा देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नाक दाबून हवा फुंकण्याची व्हाल्साल्व्हाची क्रिया उपयुक्त खरी, पण तिला मर्यादा आहेत. आधी नाक साफ करावे, मग तोंड मिटून, नाकपुड्या चिमटीत धरून अगदी हळुवार दाब द्यावा. कानात टक् झाले की थांबावे, आणि दोन-तीन प्रयत्नांत न झाले तर तेवढ्यावरच सोडून द्यावे. जबरदस्तीने केलेल्या फुंकरीने अंतःकर्णाच्या नाजूक खिडकीस इजा होऊ शकते. नाकातून पिवळा-हिरवा दाट स्राव येत असताना ही क्रिया मुळीच करू नये, आणि हृदयविकार असलेल्यांनी किंवा डोळ्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनीही तिच्यापासून दूर राहावे. अशांना टॉयन्बीचा मार्ग, म्हणजे नाक दाबून नुसता घोट गिळणे, अधिक सोयीचा.

औषधांच्या दुकानात सहज मिळणारे झायलोमेटाझोलिनसारखे नाकाचे थेंब सूज तात्पुरती उतरवतात. पण ते चार-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले की नाक उलट अधिक चोंदते, आणि मग ते थेंब सुटता सुटत नाहीत. वर्षानुवर्षे खिशात ती कुपी बाळगणारी माणसे आपण पाहतो ती या चक्रात सापडलेली असतात. सर्दीच्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, हेही रक्तदाबाच्या रोग्यांनी ध्यानात ठेवावे. प्रतिजैविकांचे येथे काही काम नाही. कान ठणकू लागला, ताप आला, अथवा कान वाहू लागला तर गोष्ट निराळी, आणि ती वैद्याने ठरवावयाची.

ज्याची नळी सुजलेली आहे त्याची खरी परीक्षा उंची बदलताना होते. कर्जतहून घाट चढून समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून अधिक उंचीवरील लोणावळ्यास जाताना बाहेरचा दाब कमी होतो व कानातली हवा नळीतून आपोआप निसटते. घाट उतरताना मात्र हवा आत घ्यावी लागते आणि सुजलेली नळी ती घेऊ देत नाही. विमानातही हेच, पण अधिक तीव्रतेने. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे 1800 ते 2400 मीटर उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो आणि उतरताना तो अर्ध्या तासाच्या आत भूमीवरच्या दाबाइतका होतो. आत-बाहेरच्या दाबांत फार अंतर पडू दिले तर नळी अशी दाबली जाते की स्नायूच्या ओढीने ती उघडतच नाही, म्हणून कान दुखू लागेपर्यंत वाट न पाहता विमान खाली येऊ लागताच गिळणे सुरू करावे, झोपलेले असल्यास जागे व्हावे, आणि तान्ह्या मुलास त्या वेळी अंगावर पाजावे. प्रवास टाळणे शक्य नसेल तर नाकाचे थेंब उतरण्याच्या अर्धा-एक तास आधी घालण्यात हाशील आहे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हल्ली हौसेने बुडी मारण्याची सोय झाली आहे. तेथे 10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. पडसे असताना पाण्यात उतरणे हा पडदा फाडून घेण्याचा मार्ग आहे, आणि भरलेले पैसे बुडतील म्हणून त्याकडे डोळेझाक करू नये.

मुलांच्या बाबतीत विशेष लक्ष घालावयास हवे. जन्मतः ही नळी प्रौढाच्या नळीच्या सुमारे निम्मी लांब आणि जवळजवळ आडवी असते. प्रौढात ती सुमारे 45 अंशांनी उतरती होते. नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथीही याच वयात वाढलेल्या असतात. परिणामी पडशामागून पडसे येणाऱ्या मुलाच्या कानात द्रव साचून राहतो, त्याची श्रवणशक्ती 20 ते 30 डेसिबलांनी उतरते, आणि ते मूल स्वतः काहीच सांगत नाही, कारण आपल्याला कमी ऐकू येते हे त्याला कळतच नाही. वर्गात त्याच्यावर दुर्लक्षाचा ठपका येतो, घरी हट्टीपणाचा. हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने मनावर घेण्यासारखी आहे. बहुतेक मुलांत हा द्रव तीन महिन्यांत आपोआप निघून जातो. नाकपुडीने एक खास फुगा फुगवण्याचा खेळ दिवसातून तीनदा करविल्यास त्याला साहाय्य होते, असे ब्रिटनमध्ये 4 ते 11 वर्षे वयाच्या 320 मुलांवर केलेल्या व 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. पोलित्झरचीच कल्पना, मुलांच्या हाती दिलेली. त्यानेही न भागले आणि ऐकण्यातील उणीव टिकून राहिली तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. अमेरिकेत आर्मस्ट्राँग यांनी 1954 साली ही पद्धत पुढे आणली. ग्रोमेट असेपर्यंत हवा बाहेरून आत जाते आणि कालांतराने बहुधा ते आपोआप गळून पडते.

आतापर्यंत जी सबुरी सांगितली तिला दोन अपवाद आहेत. पहिला अंतःकर्णातील बिघाडाचा. पडसे होऊन गेल्यावर एके सकाळी एक कान अकस्मात् ऐकेनासा होतो आणि माणूस त्याला दडे समजून आठवडे घालवतो. वस्तुतः तो श्रवणमज्जेचा विकार असतो आणि त्याच्यावरील स्टेरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाला तरच सर्वांत अधिक गुण येण्याचा संभव असतो. वैद्य नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवून हा भेद पारखतात. घरी ओठ मिटून 'हूं' असा स्वर लांबवर काढून पाहावा: साध्या दड्यांत तो स्वर बंद कानाकडे मोठा ऐकू येतो, आणि अंतःकर्णाच्या विकारात चांगल्या कानाकडे. हा घरगुती दाखला निर्णायक नव्हे, पण स्वर चांगल्या कानाकडे गेला, किंवा ऐकणे एकाएकी गेले, भोवळ आली, कानात मोठा गुंजारव सुरू झाला, तर त्याच दिवशी कानतज्ज्ञाकडे जावे. दुसरा अपवाद प्रौढांचा: एकाच कानात द्रव साचून तो सहा आठवड्यांनीही हटला नाही, तर नाकामागच्या भागाची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी, कारण नळीचे मुख सुजेने न मिटता तेथे वाढणाऱ्या गाठीने मिटलेले असू शकते. बहुतेकांच्या तपासणीत तसे काही निघत नाही. ज्या थोड्यांच्या निघते त्यांना मात्र ते वेळेवर कळणे अत्यंत मोलाचे असते, कारण त्या ठिकाणच्या कर्करोगावर किरणोपचाराचा उपयोग आरंभीच्या अवस्थेत फार चांगला होतो.